ड्रॅगापल्टला चष्मा की बूट?

पोकेमॉनच्या लढतीत ड्रॅगापल्ट हा ड्रॅगन-घोस्ट पोकेमॉन संघात घ्यायचा हे एकदा ठरलं की खरी पंचाईत पुढे असते. त्याला सोबत बाळगायला वस्तू कोणती द्यायची? शोडाउन या लढतींच्या सिम्युलेटरवर नवव्या पिढीचं (स्कार्लेट-व्हायोलेट) ओयू सिंगल्स, म्हणजे एकास-एक लढतींचा मुख्य गट, खेळणाऱ्यांसाठी हे लिहितोय. आपल्याकडे बहुतेकांकडे निन्टेन्डो स्विच नसतो आणि शोडाउन ब्राउझरमध्ये फुकट चालतं, त्यामुळे खेळणारे बरेचसे तिथलेच. डबल्सचं गणित वेगळं आहे, त्यात शिरत नाही. ड्रॅगन डान्सवाला (अटॅक आणि वेग वाढवत जाणारा) चालींचा सेटही बाजूला ठेवतो. एखाद्या दिवशी तो एकहाती सामना जिंकून देतो हे खरं, पण ड्रॅगापल्टला धड फिजिकल घोस्ट चाल नाही. फँटम फोर्सला दोन टर्न लागतात, म्हणून टेरा ब्लास्ट घ्यावा लागतो आणि मग संघाची टेरा (सामन्यात एकदाच टाइप बदलायची सोय) त्याच्याच नावावर जाते. ज्याला हे मान्य आहे त्याला माझ्या सल्ल्याची गरज नाही.

उरतात दोन वाटा. चॉइस स्पेक्स (स्पेशल मारा वाढवणारा चष्मा) घालून ड्रेको मीटिओर आणि शॅडो बॉलचा मारा, किंवा हेवी-ड्यूटी बूट (जमिनीवरचे काटे-खडक न लागू देणारे) घालून विल-ओ-विस्प (समोरच्याला भाजणारी चाल) आणि हेक्स. वेग दोन्हीकडे तोच, टिमिड या वेग वाढवणाऱ्या नेचरवर ४२१. म्हणजे 'कोण आधी मारतो' हा प्रश्नच नाही. पहिल्यांदा मारून झाल्यावर काय होतं, तिथे दोन्ही वाटा फुटतात.

आधी चष्म्याच्या बाजूने बोलतो, कारण मीही बराच काळ तोच वापरला आणि त्याची मजा नाकारण्यात अर्थ नाही. स्पेक्स ड्रेकोसमोर निवांत येऊन उभं राहील असं फार कुणी नाही. ग्रेट टस्कची स्पेशल बाजू (स्पेशल चाली झेलायची ताकद) मुळातच कच्ची, तो एका फटक्यात जातो. क्लॉडसायरसारखे गलेलठ्ठ लोकही ड्रेको खाऊन परत यायला कचरतात. समोर फेअरी किंवा स्टील टाइप नसेल तर पहिल्याच टर्नला कुणाचा तरी अर्धाअधिक जीव निघतो. शिवाय सामन्याआधी संघ दाखवणाऱ्या टीम प्रिव्ह्यूमध्ये ड्रॅगापल्ट दिसला की समोरचा मनातल्या मनात स्पेक्सच धरून चालतो आणि त्या धास्तीने चुका करतो. या धास्तीची किंमत माऱ्याच्या कॅल्क्युलेटरमध्ये दिसत नाही, पण लॅडरवर, म्हणजे क्रमवारीच्या सामन्यांत, ती जाणवते.

पण चाल एकदा दाबली की तुम्ही तिच्याशी बांधले जाता. शॅडो बॉल दाबला आणि समोरून तो अर्ध्यावर झेलणारा किंगॅम्बिट आत आला, तर आता त्याच्यावर पुन्हा शॅडो बॉल मारा नाहीतर उठून जा. ड्रेको दाबला तर स्पेशल अटॅक दोन पायऱ्या खाली येतो, म्हणजे तसंही उठावंच लागतं. यू-टर्न (मारून लगेच बाहेर पडायची चाल) बरा, पण प्रत्येक वेळी यू-टर्नच मारायचा असेल तर चष्मा कशाला घातला? स्पेक्स ड्रॅगापल्टचा सगळा खेळ कबड्डीतल्या चढाईसारखा असतो: आत जायचं, कुणाला तरी टिपायचं आणि मध्यरेषेकडे परत पळायचं. यात वाईट काही नाही, चांगले चढाईपटू सामने जिंकून देतात. फक्त इथे परत आत येताना दर खेपेला पैसे मोजावे लागतात.

माझं मन वळवलं ते याच एका गोष्टीने, म्हणून तिच्यावर जरा रेंगाळतो. ड्रॅगापल्ट उडताना दिसतो, पण खेळाच्या नियमात तो जमिनीवरच आहे. फ्लाइंग टाइप नाही, लेव्हिटेट (हवेत राहायची क्षमता) नाही. म्हणजे आत येणाऱ्याला लागणारा स्टेल्थ रॉक (खडक) तर उडणाऱ्यांसारखा लागतोच, वर स्पाइक्सही (काटे). एचपीमध्ये (जिवात) जादा काही न घातलेल्या ड्रॅगापल्टचे ३१७ पॉइंट असतात. स्टेल्थ रॉक त्यातले ३९ घेतो आणि स्पाइक्सचा एक थर आणखी ३९. एका खेपेला ७८ गेले. चार वेळा आत या, ३१२ गेले. उरले ५. आणि हे सगळं समोरच्याने तुम्हाला बोटही न लावता. स्पेक्सवाल्या ड्रॅगापल्टचं काम काय, तर पुन्हापुन्हा आत येणं! ज्याचा धंदाच ये-जा करण्याचा, त्यालाच दारात सर्वांत जास्त टोल.

मागच्या काही पिढ्यांत हे इतकं बोचत नव्हतं, कारण कुणीतरी डिफॉग (काटे-खडक उडवून लावणारी चाल) मारून झाडलोट करायचं. स्कार्लेट-व्हायोलेटमध्ये, म्हणजे २०२२ पासून, डिफॉग येणारे मुळात कमी झाले आणि वर गोल्डेन्गो आला. त्याची गुड ॲज गोल्ड क्षमता अशी, की त्याच्यावर टाकलेली स्टेटस चाल (थेट मारा नसलेली) लागतच नाही. डिफॉग समोरच्यावर टाकावा लागतो, तेव्हा तोही फुकट. घोस्ट असल्यामुळे काटे साफ करणारा रॅपिड स्पिनही त्याच्यातून आरपार जातो. परिणामी एकदा खाली काटे पडले की ते पडलेच. ग्रेट टस्कला स्पिन करायचा असतो, आणि नेमका तेव्हाच समोरचा गोल्डेन्गोला आत बोलावतो. माझ्या अनुभवात स्पेक्स ड्रॅगापल्ट शत्रूच्या माऱ्याने क्वचितच मरतो. तो येण्याजाण्याने झिजून मरतो, आणि तेही नेमका शेवटच्या तीन पोकेमॉनांवर डाव आला की. ज्या वेळी वेगवान हल्लेखोराची सर्वांत जास्त गरज असते, त्या वेळी आपला हल्लेखोर अर्ध्या जिवावर बाकावर बसलेला. कुणाला हे चालत असेल. मला ते दर वेळी टोचायचं.

बूट घातले की हा सगळा हिशेबच मिटतो. कितीही वेळा या, कितीही वेळा जा. नॉक ऑफने बूट काढून घेता येतात हे खरं, पण नॉक ऑफ डार्क चाल आहे, आणि घोस्टला डार्क दुप्पट लागतो. ती ड्रॅगापल्टला बसली तर बूट गेल्यापेक्षा जिवाचंच दुःख मोठं असतं, तेव्हा ती काळजी सोडा.

'पण मारा कमी होतो ना?' हा प्रश्न सगळे विचारतात. होतो, ड्रेकोचा होतो. घोस्ट चालींचं मात्र नीट बघा. शॅडो बॉल ८० चा, स्पेक्सने दीडपट म्हणजे १२० सारखा. हेक्स एरवी ६५ चा, पण समोरच्याला कोणतंही स्टेटस (भाजणं, विष वगैरे) असेल तर दुप्पट, म्हणजे १३०. भाजलेल्या पोकेमॉनवर बूटवाला हेक्स चष्मेवाल्या शॅडो बॉलपेक्षा जोरात लागतो, आणि कुठल्याही चालीला न बांधता. हे आकडे कुणाला माहीत नसतात असं नाही, पण संघ बांधताना ते शेजारीशेजारी ठेवून बघितले जात नाहीत. स्टेटस तुम्हीच लावलं पाहिजे असंही नाही. ग्लिमोराच्या टॉक्सिक डेब्री क्षमतेने खाली विष पसरलेलं असेल तर आत येणारा निम्मं काम स्वतःच करून देतो.

आता किंगॅम्बिट. या पिढीत संघ बांधताना त्याचा विचार केला नाही तर शेवटी तोच तुमचा विचार करतो. त्याचे साथीदार जितके पडलेले, तितका तो सुप्रीम ओव्हरलॉर्ड क्षमतेने तगडा होतो. डार्क-स्टील असल्यामुळे ड्रॅगापल्टच्या दोन्ही स्टॅब (स्वतःच्या टाइपच्या) चाली तो अर्ध्यावर झेलतो, आणि त्याचा आधीच लागणारा सकर पंच आपल्या ४२१ वेगाला भीक घालत नाही. स्पेक्सवाल्यासमोर त्याला काही अक्कल चालवावी लागत नाही. शॅडो बॉलवर लॉक झालेला दिसला की तो आत येतो आणि स्वोर्ड्स डान्स करून अटॅक वाढवतो. फ्लेमथ्रोअर (फायर चाल) आधीच ओळखून मारला तर त्याला लागतो, नाही असं नाही. पण तो ओळखूनच मारायला हवा, आणि अंदाज चुकला तर फ्लेमथ्रोअरवर अडकून बसा.

विस्पवाल्यासमोर मात्र किंगॅम्बिटला विचार करावा लागतो. सकर पंच फक्त समोरचा हल्ला करणार असेल तरच लागतो. विल-ओ-विस्प स्टेटस चाल आहे, म्हणून सकर पंच वाया जातो आणि वर तो भाजतो. भाजलं की फिजिकल मारा अर्धा. आत येतानाच विस्प बसला तर बाकीचा सामना तो अर्ध्या ताकदीचा किंगॅम्बिट म्हणून खेळतो, आणि तेवढं पुरतं. लम बेरी (स्टेटस एकदा बरं करणारं फळ) घेऊन आलेला असेल तर पहिला विस्प फुकट जातो. तसा भेटतोही अधूनमधून. तरीही या एका जोडीसाठी मी बूटवाला निवडेन, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही. ग्रेट टस्क, झमाझेंटा, डोन्डोझो, तसेच बरेचसे फिजिकल मारेकरी एका विस्पने निम्मे होतात, आणि ड्रॅगापल्ट त्या सगळ्यांच्या आधी हलतो. ड्रॅगापल्टची क्षमता इन्फिल्ट्रेटर असेल तर सब्स्टिट्यूटमागे (मार झेलणाऱ्या बाहुल्यामागे) लपूनही सुटका नाही.

बूटवाल्याची दुखणीही आहेत, आणि ती लपवली तर तुम्ही पहिल्याच संध्याकाळी मला शिव्या घालाल. सर्वांत मोठं दुखणं गार्गानॅकल. त्याची प्युरिफाइंग सॉल्ट क्षमता स्टेटस लागूच देत नाही आणि घोस्ट माराही अर्धा करते. विस्प नाही, हेक्स नाही, समोर नुसतं बघत बसायचं. स्पेक्स ड्रेको मात्र त्याला चांगलाच जाणवतो. फायर टाइपवाले, म्हणजे हीट्रॅन, सिंडरेस, स्केलेडर्ज हे भाजत नाहीत. ब्लिसीला घोस्ट लागत नाही, आणि भाजली तरी नॅचरल क्युअरमुळे बाहेर जाऊन बरी होऊन येते. गोल्डेन्गोला विस्प लागत नाही. पण तो स्वतःच घोस्टला कमकुवत आहे, त्यामुळे साधा ६५ चा हेक्सही त्याला नकोसा वाटतो. वेग दीडपट करणारा टिमिड चॉइस स्कार्फवाला गोल्डेन्गो ४३९ ला जातो आणि तुमच्या आधी हलतो, हे लक्षात ठेवा. मॉडेस्ट (वेगाऐवजी स्पेशल मारा वाढवणाऱ्या) नेचरचा स्कार्फवाला ४०० लाच अडकतो.

आणि विस्प चुकतो. ८५ टक्के म्हणजे शंभरात पंधरा वेळा तो हवेत जातो, आणि त्या पंधरांपैकी बऱ्याच वेळा समोर नेमका तोच असतो ज्याला भाजायचंच होतं. अर्थात ड्रेकोही ९० टक्केच आहे आणि चष्मेवाले तो चुकल्यावर काही कमी बोंबलत नाहीत. फरक इतकाच, की ड्रेको चुकला तर एक मारा वाया गेला, विस्प चुकला तर पुढचा हेक्सही अर्ध्यावर आला. ज्यांना पहिल्या टर्नपासून ठोकायला आवडतं त्यांना एक टर्न 'तयारीत' घालवणं जिवावर येतं. ते समजू शकतं.

तेव्हा चष्मा कुणी घालावा? संघात काटे साफ करायची खात्रीची सोय असेल, निदान समोर गोल्डेन्गो असला तरी जमेल अशी. किंवा तुमचा संघ इतका आक्रमक असेल की सामना दहा-बारा टर्नच्या पुढे जातच नाही, तर घाला. अशा सामन्यात झिजायला वेळच मिळत नाही. भिंतीसारख्या संघांशी वरचेवर गाठ पडत असेल, गार्गानॅकल आणि ब्लिसी रोज दिसत असतील, तेव्हाही चष्म्याचं पारडं जड होईल, किंवा मग ते काम संघातल्या दुसऱ्या कुणाकडे तरी सोपवावं लागेल. मी दुसऱ्याकडे सोपवतो. पण वेगवान हल्लेखोर शेवटपर्यंत ताजा हवा असेल, त्याने शेवटच्या चार टर्नमध्ये येऊन उरलेले निस्तरावेत अशी तुमची अपेक्षा असेल, तर माझ्या मते बूटच.

बूट घेतलेत तर दोन गोष्टी. स्टेल्थ रॉकवर पहिल्यांदा आत आलात आणि ३९ गेले नाहीत, की समोरच्याला कळतं की हा चष्मेवाला नाही. तोवरची धास्ती फुकटची आहे, ती एकदा तरी वापरून घ्या. खडक पडायच्या आधी निदान एक यू-टर्न असा मारा की तो चष्मेवाल्याचा वाटेल. दुसरं, चौथी चाल. हेक्स, विस्प, यू-टर्न यांच्याबरोबर मी ड्रेको ठेवतो. समोर गार्गानॅकल असेल तर बिनचष्म्याचाही ड्रेको निदान त्याला रिकव्हर (जीव भरून काढणारी चाल) दाबायला लावतो. काही जण तिथे फिजिकल ड्रॅगन डार्ट्स घेतात. ५० चे दोन फटके, स्पेशल अटॅक खाली यायची भानगड नाही, आणि ब्लिसीला ते लागतात. माझ्या संघात ब्लिसीसाठी दुसरं कुणीतरी आहे, म्हणून ड्रेको. तुमच्याकडे नसेल तर डार्ट्स घ्या. नेचर मात्र टिमिडच ठेवा, डार्ट्स घेतलेत तर भोळी नाईव्ह, कारण टिमिडने फिजिकल मारा घटतो. मॉडेस्टचा मोह कितीही झाला तरी तिथे वेग ३८३ वर येतो आणि ४१२ चा जॉली झमाझेंटा क्रंच घेऊन पुढे निघून जातो.