सोप्या कॅरल्सचं पियानो पुस्तक, सहा महिने वाजवून: उजवा हात खूश, डावा बेजार

पुस्तक जुलैत मागवलं होतं, आता डिसेंबर वाजवून झाला, त्यामुळे 'पॅकिंग छान, डिलिव्हरी वेळेवर' टाइप रिव्ह्यू नाहीये हा. पुस्तक म्हणजे अगदी बिगिनर लोकांसाठी सोप्या केलेल्या कॅरल्स, म्हणजे नाताळची गाणी, मोठा टाइप, प्रत्येक नोटच्या पोटात सी-डी-ई छापलेलं आणि वर बोटांचे नंबर. माझ्याकडे 61 कीज चा साधा टच सेन्सिटिव्ह कीबोर्ड आहे. मी लहानपणापासून पेटी वाजवते, स्टाफ नोटेशन (रेघांवर लिहिलेले स्वर) मात्र शून्य. सोसायटीत नाताळला कॅरल्स होतात, वाजवणारी फॅमिली बदली होऊन गेली आणि 'पेटी येते म्हणजे हेही येईलच' असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

तर पेटीवाल्यांनी आधी हे समजून घ्या. पेटीवर डावा हात आयुष्यभर भाता मारतो. इकडे त्याला अचानक कॉर्ड, म्हणजे तीन स्वर एकदम, धरायला सांगतात आणि तो बावळटासारखा बघत बसतो. उजव्या हाताने अख्खं पुस्तक बऱ्यापैकी पटकन वाजलं, दोन्ही हात एकत्र करायला बाकीचे सगळे महिने गेले. पुस्तकात याबद्दल अवाक्षर नाही, कारण ते पेटीवाल्यांसाठी लिहिलेलंच नाही, तक्रार नाही पण माहीत असावं.

पुस्तकाची सुरुवात जिंगल बेल्सने, आणि ते बरोब्बर आहे. अंगठा सा वर ठेवा (पुस्तकात सगळं सी मध्ये, म्हणजे पांढरी एक), चार बोटं शेजारच्या चार पट्ट्यांवर, आणि 'ग ग ग, ग ग ग, ग प सा रे ग', पुढे 'म म म म' करत अख्खं धृपद हात न हलवता वाजतं. शेवटची ओळ 'प प म रे सा', करंगळीपासून अंगठ्यापर्यंत उतरलं की संपलं. पहिल्याच आठवड्यात घरचे ओळखतात काय वाजतंय ते, हे फार महत्त्वाचं असतं हो! कडवं मात्र पुस्तकात दिलेलंच नाही, फक्त धृपद. गंमत म्हणजे 1857 च्या या गाण्यात ख्रिसमसचा उल्लेखच नाही, बर्फातल्या घोडागाडीचं गाणं आहे ते, पण त्याशिवाय कार्यक्रम होत नाही.

आता खरी तक्रार. लगेच पुढे सायलेंट नाइट टाकलंय, का तर स्लो आहे. स्लो म्हणजे सोपं असं ज्याने ठरवलं त्याने बिगिनरचा हात बघितलेला नाही. सुरुवात 'प ध प ग, प ध प ग' गोड आहे, पण लगेच 'रें रें नि, सां सां प' साठी हात वर उचलून न्यावा लागतो, शेवटी तार सप्तकातल्या म पर्यंत जायचं आणि तिथून 'सां प ग, प म रे सा' करत पार खालच्या सा वर उतरायचं. म्हणजे दीड सप्तकाच्या आसपास प्रवास, तोही इतक्या संथ लयीत की एक बोट चुकलं तरी अख्ख्या हॉलला कळतं. जिंगल बेल्समध्ये चूक गोंधळात खपते, इथे नाही खपत. लय तीन-तीनची, नवरा तबला वाजवतो, तो म्हणाला दादरा (तीन-तीन मात्रांचा ताल) धर आणि सोड, तसं केल्यावर बसलं. कीबोर्डवरची वॉल्ट्झ रिदम लावू नका, बँडवाले आल्यासारखं वाटतं. मुळात हे गाणं 1818 च्या नाताळच्या आदल्या रात्री ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावच्या चर्चमध्ये नुसत्या गिटारवर पहिल्यांदा गायलं गेलं, शब्द मोअर नावाच्या पाद्रीचे, चाल ग्रूबरची, म्हणजे साथ जितकी कमी तितकं ते खुलतं असं माझं मत.

डाव्या हाताला पुस्तक सी, एफ, जी हे तिन्ही कॉर्ड सरळसोट देतं, म्हणजे प्रत्येक वेळी अख्खा हात उचलून दुसरीकडे. एका पियानोवाल्या मैत्रिणीने दाखवलं ते करा: 'सा ग प' धरा, एफ साठी करंगळी सा वर तशीच आणि बाकीची दोन बोटं एकेक पांढरी उजवीकडे, झालं 'सा म ध'. जी च्या जागी अंगठा प वरच ठेवून करंगळी डावीकडे नि वर आणि मधला स्वर म. हात जागचा हलत नाही. एवढ्या एका गोष्टीने माझा डावा हात माणसात आला, आणि ही गोष्ट पुस्तकात नाही याचा मला अजूनही राग आहे.

उलट जॉय टू द वर्ल्ड 'अवघड' म्हणून शेवटी ढकललंय आणि आपल्या लोकांना तेच सोपं जाईल. सुरुवातच 'सां नि ध प म ग रे सा', सरळ बिलावलचा अवरोह, सगळे शुद्ध स्वर वरून खाली! करंगळीने सुरू करून म वर अंगठा आला की मधलं बोट त्याच्यावरून ग वर टाकायचं, अलंकार घासलेल्याला यात नवीन काय? फक्त सगळे स्वर सारख्या लांबीचे नाहीत, पहिला लांब, मग नि रेंगाळून ध ला हलकं टोचून प वर यायचं. मी तर जिंगल बेल्सनंतर हेच घ्या म्हणेन. वी विश यू दिसतं चिल्लर, पण डाव्या हातात कॉर्ड भराभर बदलतात, ते मी अजून एका हातानेच वाजवते.

नोटच्या पोटातली अक्षरं पहिला महिना देवासारखी वाटतात, नंतर तीच आडवी येतात, डोळा अक्षरच वाचतो, रेघ वाचतच नाही. मी दिवाळीनंतर पेन्सिलने अक्षरं गिरगटून काढली. बाइंडिंग भिकार, पुस्तक स्टँडवर उघडं राहत नाही, ऐन कडव्यात मिटतं. झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल करून घेतलं, ते आल्याआल्याच करा. क्यूआर कोडवरचा ऑडिओ माझ्याकडे कधी उघडलाच नाही.

शेवटचं, पट्टी. सी मध्ये सायलेंट नाइटचा तो वरचा म लोकांच्या गळ्याला झेपत नाही. आमच्या शेजारच्या नगरच्या काकू लहानपणापासून चर्चमध्ये गातात, त्या पहिल्याच प्रॅक्टिसला म्हणाल्या, "अगं एवढं वर कुठे नेतेस, डिसेंबरात आधीच घसे बसलेले असतात!" कीबोर्डचं ट्रान्सपोज (सगळे स्वर एकदम वर-खाली सरकवणारं बटण) दोनने खाली घेतलं, काळी पाच म्हणजे बी फ्लॅट झाली, मग सगळे गायले, आणि इंग्लिश भजनांच्या पुस्तकांतही बहुतेक याच पट्टीत असतं म्हणे. लहान मुलं जास्त असतील तर सी च बरं. आणि कार्यक्रम झाल्यावर ते बटण आठवणीने शून्यावर आणा, नाहीतर दुसऱ्या दिवशी यूट्यूबबरोबर वाजवायला बसाल आणि कीबोर्ड बिघडला म्हणून सर्व्हिस सेंटरला फोन लावाल.

चारशेच्या आत मिळालं तर घ्या. पाचपैकी साडेतीन, अर्धा स्टार बाइंडिंगचा कापला.