शारजातली नोकरी आणि राजारामपुरीतला एजंट

कोल्हापुरातून आखातात शिकवायला जायच्या विचारात असलेल्या सगळ्या सर-मॅडमनी हे वाचावं म्हणून लिहितेय.

मी आणि माझे मिस्टर दोघंही बी.एड. ते विनाअनुदानित हायस्कूलमध्ये गणित शिकवायचे, मी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत होते. शाळेला अनुदान मिळेल या आशेवर त्यांची उमेदीची वर्षं गेली. राजारामपुरीतल्या एका कन्सल्टन्सीबद्दल स्टाफरूममध्येच कळलं. संयुक्त अरब अमिरातीत, शारजातली भारतीय शाळा, दोघांना नोकरी, राहायला फ्लॅट. एजंट स्वतः आखातात राहून आलेला, बोलायला फार गोड. "वहिनी, तुम्ही फक्त बॅगा भरा, बाकीचं माझ्याकडं लागलं." दोघांचे मिळून साडेतीन लाख त्यानं घेतले. त्यातले दीड लाख आम्ही पतसंस्थेत दागिने तारण ठेवून उभे केले होते. रक्कम कन्सल्टन्सीच्या नाही, त्याच्या मेव्हण्याच्या खात्यावर घेतली. पावती दिली ती फक्त 'फाईल चार्ज' म्हणून पाच हजारांची.

परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी करावीच लागते. नोंदणी असलेल्या एजंटालासुद्धा उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपयेच घेता येतात. आमच्याकडून माणशी पावणेदोन लाख गेले. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे. त्यात याचं नाव नाही. ऑफिसच्या भिंतीवर चौकटीत लावलेला परवाना होता, पण तो शॉप ॲक्टचा.

शिक्षकांच्या बाबतीत एक मोठी फट आहे आणि या लोकांना ती पक्की ठाऊक असते. दहावी किंवा त्यापुढं शिकलेल्या माणसाच्या पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे 'परदेशी नोकरीला जाण्याआधी सरकारी तपासणी आवश्यक' असा शेरा नसतो, त्यामुळं आखातात नोकरीला निघताना सरकारची उत्प्रवास परवानगी लागत नाही. गवंडीकामाला जाणाऱ्या कमी शिकलेल्या माणसाचे नोकरीचे कागद निदान एकदा सरकारी नजरेखालून जातात. आमचे कुणीच बघितले नाहीत.

निघायच्या आदल्या संध्याकाळी व्हिसा हातात पडला. साठ दिवसांचा, व्हिजिटचा. विचारलं तर म्हणाला, "सगळे असंच जातात, तिथं बदलून मिळतो." हे अर्धंच खरं आहे. व्हिसा तिथं बदलता येतो, पण आधी शाळेनं तुमच्या नावानं वर्क परमिट काढावं लागतं. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथं बेकायदेशीर आहे आणि मुदत संपली की दिवसाला ५० दिरहम दंड चालू होतो.

फ्लॅट म्हणून जे दाखवलं ती अल नाहदातल्या एका हॉलमध्ये प्लायवूड ठोकून काढलेली खोली होती. पलंग टाकल्यावर दार पूर्ण उघडत नव्हतं. पलीकडं केरळची दोन मुलं राहायची, त्यांनीच आम्हाला बस आणि सिमकार्डाची माहिती दिली, पहिल्या रात्री जेवायलाही बोलावलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

शाळा खरी होती. पत्र खोटं होतं. तिथल्या बाईंनी आमचं ऑफर लेटर वाचलं आणि ज्यांची सही आहे ते गृहस्थ शाळेत कधी नव्हतेच, असं शांतपणे सांगितलं. खरी ऑफर तिथल्या कामगार मंत्रालयाच्या नमुन्यात येते, अरबी आणि इंग्रजीत, क्रमांकासह. आमच्याकडं होतं ते नुसतं लेटरहेड. तरी त्या बाई भल्या. गणिताची एक जागा रिकामी आहे, पदवीचे कागद दाखवा, म्हणाल्या.

खरा घात तिथं कळला. मिस्टरांनी शिवाजी विद्यापीठाचं प्रमाणपत्र पुढं केलं. बाईंनी ते उलटं केलं, मागच्या स्टिकरवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हे अपॉस्टिल आहे. इथं चालत नाही." अपॉस्टिल म्हणजे कागद खरा असल्याचं परदेशात मानलं जावं म्हणून आपलं परराष्ट्र मंत्रालय लावतं तो स्टिकर. ते फक्त हेग कराराच्या सदस्य देशांत चालतं. भारत २००५ पासून त्यात आहे, ओमान आणि बहरीनही आहेत, संयुक्त अरब अमिरात नाही. तिथल्यासाठी आधी राज्य सरकार, मग आपलं परराष्ट्र मंत्रालय, मग भारतातली त्यांची वकिलात आणि शेवटी तिथलं परराष्ट्र मंत्रालय, असे शिक्के लागतात. वकिलातीचा शिक्का मूळ कागदावर भारतातच होतो. एजंटानं 'अटेस्टेशन'च्या नावाखाली आमच्याकडून चाळीस हजार वेगळे घेतले होते आणि करून आणलं होतं अपॉस्टिल, ज्याची सरकारी फी कागदामागं ५० रुपये आहे. कागद परत पाठवून सगळे शिक्के होईपर्यंत व्हिसाची मुदत संपली असती. ती जागा हातची गेली. त्या दिवशी मिस्टर परतीच्या बसमध्ये एक शब्द बोलले नाहीत.

दुबईत भारतीय वकिलातीचं प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे. ८००४६३४२ हा त्यांचा नंबर तिथून मोफत लागतो. अडकला असाल तर आधी तिथं फोन करा. घरच्यांना इकडून 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. आम्ही मुदतीच्या आत परत आलो. मिस्टर आता क्लासमध्ये शिकवतात, माझी शाळेतली जागा भरली गेली आहे, दागिने अजून पतसंस्थेतच आहेत.

शिकायला-शिकवायला परदेशी जाऊ नका असं मी म्हणणार नाही. आमच्या ओळखीचे दोन शिक्षक मस्कतमध्ये नीट स्थिरावलेत. पण त्यांनी कागद स्वतः केले आणि वर्क व्हिसा हातात आल्यावरच तिकीट काढलं.

आम्ही पोलिसांत फसवणुकीची तक्रार दिली आहे. एजंटानं पाटी बदलली आहे, धंदा तोच चालू आहे आणि उन्हाळी सुट्टीत तो पुन्हा शिक्षकांनाच गाठणार. ज्यांनी त्याच्याकडं किंवा असल्या कुणाकडं पैसे भरलेत त्यांनी यूपीआयचे स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲपवरचं बोलणं आणि ते ऑफर लेटर काहीही डिलीट करू नका. पैसे नुकतेच गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि लेखी तक्रार द्या. एकटीच्या अर्जाला तो 'व्यवहारातला वाद' म्हणतो. एकाच मेव्हण्याच्या खात्यावर चार कुटुंबांचे पैसे गेल्याचं दिसलं, तर त्याला तसं म्हणता येणार नाही.