कांडिन्स्कीचा पिवळा, शोनबर्गची क्वार्टेट: सहा-सात महिन्यांचा शेजार

रशियन चित्रकार वासिली कांडिन्स्कीच्या 'इम्प्रेशन ३ (कॉन्सर्ट)' या चित्राची प्रिंट बैठकीत लागून सहा-सात महिने झाले. जानेवारी १९११ मध्ये म्युनिकला त्याने ऑस्ट्रियन संगीतकार आर्नोल्ड शोनबर्गचं संगीत ऐकलं आणि लगोलग हे चित्र रंगवलं. त्या मैफलीत झालेली दुसरी स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांसाठीची रचना (ऑपस १०; ऑपस म्हणजे रचनेचा क्रमांक) आणि पियानोच्या तीन रचना (ऑपस ११) मी याच भिंतीसमोर बसून ऐकत आलोय.

आधी प्रिंटचं. मॅट कागदच घ्या. काच लावली की काळ्या भागात समोरची खिडकी दिसते. पांढऱ्या एलईडीखाली पिवळा लिंबासारखा फिका पडतो, पिवळसर दिव्यात बरा दिसतो. मूळ चित्र साधारण मीटरभर रुंद आहे, त्यामुळे निम्म्या आकाराची प्रिंटही चालून जाते.

आता ऐकण्याचं. अमुक सूर म्हणजे तमुक रंग, असा तक्ता शोधाल तर हाती काही लागणार नाही. पिवळ्याचं नातं कांडिन्स्की स्वतः ट्रम्पेटशी जोडतो, आणि या दोन्ही रचनांत ट्रम्पेट औषधालाही नाही! नातं दिसलं ते वेगळ्याच जागी. क्वार्टेट रीतसर एफ शार्प मायनर या पट्टीत सुरू होते, मध्येच 'ओ दू लीबर ऑगुस्टिन' ही गल्लीबोळातली चाल डोकावते. चौथ्या भागात सोप्रानो, म्हणजे उंच आवाजाची गायिका, जर्मन कवी स्टेफान गेओर्गची ओळ गाते, दुसऱ्या ग्रहावरची हवा जाणवतेय अशा अर्थाची, आणि तिथे ठरलेली पट्टीच उरत नाही. तंबोऱ्यावर वाढलेला आपला कान षड्ज शोधत राहतो. शेवटी मात्र शोनबर्ग एफ शार्प मेजरवर येऊन टेकतो. चित्रातही तसंच: काळा आकार पियानोचा, खाली डावीकडे श्रोत्यांच्या पाठी, हे अजून ओळखू येतं. बाकी सगळं पिवळ्याच्या लोंढ्यात. दोघांनीही काठ पुरता सोडलेला नाही, आणि मला तीच गंमत वाटते.

ऑपस ११ मध्ये तो काठ सुटलाय. पहिली रचना आवडते, तिसरी अजून पचलेली नाही. शोनबर्ग चित्रंही काढायचा. डिसेंबर १९११ मध्ये 'ब्लाऊअ रायटर' या कांडिन्स्कीच्या चित्रकार-गटाच्या पहिल्या प्रदर्शनात ती लागली होती. मला ती त्याच्या संगीतापुढे कच्ची वाटतात.

सुरुवात क्वार्टेटपासूनच करा, पहिल्या भागापासून. अर्धा तास लागतो. हेडफोनपेक्षा स्पीकर बरे, कारण नजर भिंतीवर मोकळी फिरते. स्वयंपाक करताना लावायचं हे संगीत नाही.