‘द ब्लॅक स्वान’ : बर्ट जान्श यांचा अखेरचा स्टुडिओ अल्बम

स्कॉटलंडचे गिटारवादक आणि गायक बर्ट जान्श यांचा ‘द ब्लॅक स्वान’ हा अल्बम २००६ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा ते ६२ वर्षांचे होते आणि त्यांच्या पहिल्या अल्बमला ४१ वर्षे होऊन गेली होती. यानंतर त्यांनी स्टुडिओत नवा अल्बम केला नाही आणि ऑक्टोबर २०११ मध्ये त्यांचे निधन झाले. हे ठाऊक असल्यामुळे या बारा रचनांमध्ये निरोपाचा सूर शोधण्याचा मोह होतो. मला मात्र तसे ऐकणे अल्बमवर अन्याय करणारे वाटते, कारण यातला वादक थकलेला नाही. त्याने हात आवरता घेतला आहे, इतकेच.

हात आवरता घेणे म्हणजे काय, हे कळण्यासाठी आधी तो हात कसा होता ते सांगायला हवे. १९६५ चा पहिला अल्बम ध्वनिमुद्रक बिल लीडर यांनी लंडनच्या कॅम्डन भागातल्या आपल्या राहत्या घरी टेपवर ध्वनिमुद्रित केला होता. जान्श यांच्याकडे त्या वेळी स्वतःची गिटारसुद्धा नव्हती, त्यामुळे मागून आणलेल्या गिटारवर ते वाजवले गेले आणि ते सगळे काम ट्रान्सअटलांटिक या रेकॉर्ड कंपनीने १०० पौंडांना विकत घेतले. ब्रिटिश गिटारवादक डेव्ही ग्रॅहम यांची ‘अँजी’ ही रचना तिथे ज्या वेगाने आणि ठसक्याने येते, त्यावर ब्रिटनमधल्या गिटार शिकणाऱ्या एका पिढीने आपली बोटे घासली. लोकगायिका ॲन ब्रिग्ज यांच्याकडून शिकलेले ‘ब्लॅकवॉटरसाइड’ हे पारंपरिक गीत जान्श यांनी गिटारवर ज्या पद्धतीने बसवले, त्याची छाया पुढे लेड झेपलिन या रॉक बँडचे गिटारवादक जिमी पेज यांच्या वादनात स्पष्ट दिसली. इतके मोठे नाव झालेल्या माणसाने साठीनंतर जुनी करामत पुन्हा दाखवली असती, तरी कोणी तक्रार केली नसती.

इथे तसे होत नाही. जान्श यांचा अंगठा खालच्या तारांवर बेस धरतो, पण अनेक लोकगायकांच्या वादनात ऐकू येतो तसा एकसारखा हेलकावा तो देत नाही. तो मधेच थांबतो, ठोका किंचित उशिरा टाकतो, आणि त्या रिकाम्या जागेत वरच्या तारेवरचा एखादा स्वर डाव्या हाताच्या बोटाने असा खेचून सोडला जातो की तार लाकडावर आपटल्याचा बारीक आवाज येतो. हा आवाज ध्वनिमुद्रणात पुसून टाकलेला नाही, याबद्दल जान्श यांच्यासोबत निर्मितीची बाजू सांभाळणाऱ्या नोआ जॉर्जसन यांचे आभार मानावेसे वाटतात. शीर्षकगीतात सेलो या गजाने वाजवायच्या तंतुवाद्याचा दीर्घ, गडद स्वर गिटारच्या खाली येऊन थांबतो, तेव्हा या तुटक वादनाचे मोल कळते. सेलो स्वर धरून ठेवतो, म्हणून गिटारला प्रत्येक जागा भरून काढण्याची गरज उरत नाही, आणि गायकाच्या ओळी संपल्यावर ती मोजकेच, पण नेमके उत्तर देते.

जान्श यांच्या आवाजाबद्दल प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. तो कधीच गोड नव्हता. शब्दांची टोके ते गिळतात, स्वर जरा खालूनच लावतात आणि भावना दाखवण्यासाठी आवाज चढवत नाहीत. तरुणपणी हा आवाज पुष्कळांना रुक्ष वाटायचा. वयाने त्याला खर्जाचा थोडा खडबडीतपणा दिला आहे आणि मला तो या अल्बममध्ये पूर्वीपेक्षा अधिक भावला. ‘अ वुमन लाइक यू’ हे गीत त्यांनी १९६९ साली ‘बर्थडे ब्लूज’ या अल्बमवर गायले होते आणि इथे ते पुन्हा गायले आहे. दोन्ही लागोपाठ ऐकून पाहावीत. आधीच्या गाण्यात मागणी ऐकू येते, इथे त्याच शब्दांत आठवण ऐकू येते.

अल्बमचा मोठा भाग पाहुण्यांच्या सोबतीने उभा राहिला आहे. हे पाहुणे वयाने बरेच लहान आणि जान्श यांचे वादन ऐकत वाढलेले आहेत. गायिका बेथ ऑर्टन यांचा आवाज ‘व्हेन द सन कम्स अप’ आणि ‘वॉच द स्टार्स’ या गाण्यांत आहे. ‘वॉच द स्टार्स’ हे जुने आध्यात्मिक गीत जान्श यांच्या पेंटँगल या चमूने १९६८ च्या ‘स्वीट चाइल्ड’ या दुहेरी अल्बमवर सादर केले होते. इथे ते ठाय लयीत, घरात बसून गायल्यासारखे येते, आणि दोन आवाज एकमेकांना लागून चालतात, कोणी कोणाच्या पुढे धावत नाही. ‘केटी क्रुएल’ मात्र मला तितकेसे पटले नाही. अमेरिकी लोकगायिका कॅरेन डाल्टन यांच्यामुळे नव्या श्रोत्यांपर्यंत पोहोचलेले हे अमेरिकी लोकगीत ऑर्टन आणि गायक देवेंद्र बॅनहार्ट यांनी मनापासून गायले आहे, पण त्यात जान्श आपल्याच अल्बमवर साथीदार होऊन बसतात. ज्येष्ठाने नव्यांना पुढे करावे हा मोठेपणा मान्य आहे. तरी ज्याच्यासाठी अल्बम हाती घेतला, तोच मागे सरकल्याची हुरहुर लागते.

ती हुरहुर ‘द ओल्ड ट्रँगल’ भरून काढते. आयरिश नाटककार ब्रेंडन बेहान यांच्या ‘द क्वेअर फेलो’ या १९५४ साली रंगभूमीवर आलेल्या नाटकातले हे डब्लिनच्या तुरुंगातले गीत आहे. कैद्यांना उठवणाऱ्या लोखंडी त्रिकोणाचा नाद रॉयल कालव्याच्या काठाने दूरवर जातो, अशी त्याची पालुपदाची ओळ. आयर्लंडमध्ये हे गीत समूहाने, आवाज मोकळा सोडून गातात. जान्श ते एकट्या कैद्यासारखे, जवळजवळ स्वतःशीच गातात, आणि पालुपद दर वेळी परतते तेव्हा त्यांच्या स्वरात दिवस मोजणाऱ्याचा शांतपणा असतो. संपूर्ण अल्बममध्ये मी सर्वांत जास्त वेळा ऐकलेली रचना हीच आहे. ‘मॅग्डलिनाज डान्स’ ही केवळ वाद्यरचना आहे. ती सुबक आहे, परंतु लवकर विसरली जाते.

हा अल्बम इतर कामे करताना मागे लावून ठेवू नये, कारण त्यातले निम्मे सौंदर्य तारेवरच्या बोटांच्या घर्षणात आणि दोन ओळींमधल्या थांब्यांत आहे, आणि ते हेडफोनवर किंवा शांत खोलीतच हाती लागते. गिटार शिकणाऱ्यांनी तर आधी ‘माय पॉकेट्स एम्प्टी’ घ्यावे, उजव्या हाताचा अंगठा कुठे गप्प राहतो तेवढेच टिपून काढावे आणि मग शीर्षकगीताकडे वळावे.