एमजीबीच्या जोड कार्ब्युरेटरना नवे एअर फिल्टर : आठ महिन्यांनंतर

माझी एमजीबी, म्हणजे दोन सीटची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १९७० सालची, इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनलेली. मी रेडिंगला राहतो, म्हणजे गाडी जन्मगावापासून फार लांब गेलेली नाही. इंजिन १७९८ सीसीचं, त्यावर एसयू कंपनीचे एचएस४ मॉडेलचे दोन कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण करणारे भाग). मूळ फिल्टर म्हणजे पत्र्याचे दोन डबे आणि आत कागदी एलिमेंट. डबे गंजून एकाच्या तळाला भोक पडलं होतं, म्हणून मार्चमध्ये ते उतरवले आणि के अँड एन कंपनीचे, तेल लावलेल्या सुती जाळीचे फिल्टर चढवले. सोबत आतून स्टब स्टॅकही, म्हणजे कार्ब्युरेटरच्या तोंडावर बसणाऱ्या गोल कडेच्या आखूड नळ्याही, घातल्या. तेव्हापासून २,३०० मैल झालेत.

बरेच जण हे फिल्टर ताकदीसाठी घेतात. इंजिन मूळ स्थितीत असेल तर त्या आशेने घेऊ नका. मला जाणवेल असा फरक पडलेला नाही. स्टब स्टॅकचा उपयोग मात्र आहे. कार्ब्युरेटरच्या तोंडाची कड सरळ कापलेली असते, तिथे हवा अडखळते. स्टब स्टॅकचा गोलसर ओठ तिला वळवून आत घेतो. तिसऱ्या गिअरमध्ये चढ चढताना गाडी आता जरा मोकळी वाटते. फिल्टर पुरेसा खोल हवा, नाहीतर त्याचं झाकण स्टब स्टॅकच्या तोंडाशी येतं आणि सगळा फायदा तिथेच संपतो.

आता मुख्य गोष्ट, जिच्यात माझे तीन आठवडे गेले.

फिल्टर लावल्यावर आयडलिंग छान होतं, गावात गाडी नीट चालायची. पण एम४० हायवेवर चढलो की ३,००० आरपीएमच्या पुढे दम सुटायचा. मी पेट्रोल पंप बघितला, फ्लोट चेंबर साफ केले, इग्निशनचं टायमिंग पुन्हा लावलं. बाबा पुण्यात आमच्या प्रीमियर पद्मिनीचा कार्ब्युरेटर वर्षानुवर्षं स्वतःच उघडायचे. एका रविवारी त्यांना फोनवर सांगितलं, तर त्यांनी एवढंच विचारलं, "अरे, प्लग काढलेस का? चारही शेजारी शेजारी ठेव आणि फोटो पाठव."

पहिले दोन प्लग बदामी होते, तिसरा-चौथा काळाकुट्ट. त्या दोन सिलिंडरना मिश्रण मागचा कार्ब्युरेटर देतो, म्हणजे दोष त्याच्यातच. फिल्टर उघडला तर त्याच्या आणि कार्ब्युरेटरच्या मधलं पॅकिंग उलटं बसलेलं!

एसयूच्या फ्लँजवर, म्हणजे फिल्टर जिथे बसतो त्या सपाट कडेवर, बोल्टच्या दोन भोकांखेरीज आणखी दोन लहान भोकं असतात. कार्ब्युरेटरच्या आत वर-खाली होणारा एक पिस्टन असतो, त्याच्या चकतीखालच्या जागेला बाहेरची हवा तिथूनच मिळते. चकतीच्या वर निर्वात, खाली बाहेरच्या हवेचा दाब, आणि या फरकानेच पिस्टन वर उचलला जातो. पॅकिंग उलटं लावलं तरी बोल्टची भोकं जुळतात, त्यामुळे चूक दिसत नाही. पण ती दोन भोकं बंद होतात. पिस्टन पुरेसा उठत नाही, हवा कमी पडते आणि मिश्रण गडद होतं, म्हणजे त्यात पेट्रोलचं प्रमाण वाढतं. फिल्टरची मागची प्लेटही तशीच उलटी बसू शकते. बोल्ट आवळण्याआधी त्या भोकांतून बारीक तार घालून बघा. पॅकिंग सुलटं करायला मला दहा मिनिटं लागली, आणि त्याच संध्याकाळी गाडी ४,५०० पर्यंत सरळ गेली.

त्यानंतर उलटी अडचण आली. हवा आता जास्त मोकळी येत असल्याने मिश्रण पातळ झालं होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडत होतं. पेट्रोल जिथून येतं त्या जेटखालचा नट दोन्हीकडे एकेक पैलू, म्हणजे एक षष्ठांश फेरा, खाली घेतला; त्याने मिश्रण गडद होतं. मग पिस्टन जेमतेम मिलिमीटरभर उचलून पाहिलं. आरपीएम क्षणभर वाढून जागेवर आले तर मिश्रण बरोबर, वाढलेलेच राहिले तर गडद, पडले तर पातळ. आयडलिंगला हे पुरलं, पण हायवेवरून आल्यावर प्लग अजूनही फिकट दिसत होते. शेवटी निडल, म्हणजे पिस्टनला लावलेली, जेटमध्ये वर-खाली होणारी निमुळती सुई, बदलून एक पायरी गडद घेतली. जेटच्या नटाने मिश्रण सगळीकडे सारखंच सरकतं. फक्त वरच्या आरपीएमला हवं तर निडलच बदलावी लागते. फिल्टर घेताना हा खर्चही धरून चला. ॲव्हरेज गॅलनला २७ मैल होतं, आता २६ च्या आसपास आहे.

आवाजाबद्दल सांगायलाच हवं. ते डबे हवा ओढण्याचा आवाज दाबायचे. आता ॲक्सिलरेटर दाबला की बॉनेटखालून खोल, घशातला आवाज येतो. मला तो मनापासून आवडतो. बायकोला लांबच्या प्रवासात आवडत नाही, आणि तिचं म्हणणं रास्त आहे.

उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये अडकलं की आयडलिंग किंचित ढेपाळतं. एमजीबीच्या या बी-सिरीज इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, त्यामुळे उघडे फिल्टर एक्झॉस्टच्या पाइपांवरची गरम हवा ओढतात. मधला उष्णतारोधक पत्रा काही केल्या काढू नका.

सप्टेंबरमध्ये पहिल्यांदा फिल्टर धुतले. क्लीनर लावून पाण्याखाली धरले, रात्रभर सावलीत वाळवले आणि मग थोडं थोडं तेल लावलं. हवेच्या प्रेशरने वाळवू नका, जाळी फाटते. पुन्हा बसवताना फिल्टरच्या आत राहणाऱ्या बोल्टांना लॉकिंगचं द्रव्य लावलं, कारण तिथला बोल्ट सुटला तर तो थेट इंजिनात जाऊ शकतो. पॅकिंगच्या वरच्या कडेला आता पांढऱ्या रंगाचा ठिपका आहे. जुने डबे भोक बुजवून, रंगवून माळ्यावर ठेवलेत. पुढच्या उन्हाळ्यात स्कॉटलंडला जायचं ठरलं तर त्या प्रवासापुरते तेच चढवीन, जेटचा नट एक पैलू वर घेऊन आणि जुनी निडल परत घालून.