जीटी लाईन, जीटी प्लस का एन लाईन? अक्षरं बघून गाडी घेणाऱ्यांसाठी

संभाजीनगर, जालना, लातूरकडं सध्या लई जण याच तिढ्यात अडकलेत, गाडी 'जीटी'च पाहिजे हे ठरलंय पण फोक्सवॅगनच्या व्हर्टसची जीटी लाईन घ्यावी का जीटी प्लस, आणि मधीच कुणीतरी ह्युंदाईची आय ट्वेंटी एन लाईन डोक्यात भरवून देतं. माझं मत आधीच सांगतो भाऊ, पैसे इंजिनाला द्या, अक्षराला नको. पण त्यासाठी अक्षर कुठून आलं ते माहीत पाहिजे.

जीटी म्हणजे ग्रान तुरिस्मो, इटलीकडचं नाव, लांबचा पल्ला जोरात पण आरामात मारणारी गाडी. त्याला ओ लागला की ओमोलोगाता, म्हणजे शर्यतीत उतरायला मान्यता मिळालेली, 1962 ची फेरारी 250 जीटीओ त्यातलीच. मग 1964 ला अमेरिकेत पॉन्टियाकनं तेच जीटीओ आपल्या गाडीला लावलं आणि तिचा शर्यतीच्या मान्यतेशी काही संबंध नव्हता, म्हणजे नुसती शोभेला अक्षरं लावायची पद्धत लई जुनी आहे. उलट 1976 च्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयमधला आय इंजेक्शनचा, म्हणजे पेट्रोल फवारून इंजिनाला द्यायचं, तिथं जुन्या पद्धतीचा कार्ब्युरेटर खरंच नव्हता.

आता व्हर्टस. जीटी लाईनला 1.0 टीएसआय (फोक्सवॅगनचं टर्बो पेट्रोल इंजिन), तीन सिलिंडर, 115 पीएस ताकद, 178 एनएम टॉर्क म्हणजे ओढ, बाकी जाळी काळी, अलॉय काळे, दिसायला एकदम कडक. जीटी प्लसला 1.5 टीएसआय, चार सिलिंडर, 150 पीएस आणि 250 एनएम, वर निवांत चालवताना दोन सिलिंडर आपोआप बंद होतात. दोन्हीवर जीटीच लिहिलंय, पण गाड्या वेगळ्या हायत. बरेच जण म्हणतात समृद्धीवर जायचं म्हणून प्लस घेतो, मला ते पटत नाही, तिथं लिमिट 120 आहे आणि तेवढं तर लाईन पण आरामात धरते. खरा फरक कळतो सिंगल रोडवर. उसाच्या डबल ट्रॉल्या पुढं, समोरून एसटी येतेय, मधी थोडीच जागा, तवा ते 250 एनएम कामाला येतं. बीड, अंबाजोगाई, लातूर असं नेहमीचं फिरणं असेल तर वरचे पैसे द्या, शहरातच फिरायचं असेल तर लाईन बास आहे, उगं कर्ज वाढवू नका.

एन लाईनमधला एन नामयांग आणि न्युरबर्गरिंगचा. नामयांगला, म्हणजे कोरियात, ह्युंदाईचं संशोधन केंद्र आहे आणि न्युरबर्गरिंग हा जर्मनीतला ट्रॅक. खरी आय ट्वेंटी एन 1.6 टर्बोची, 204 पीएसची, ती आपल्याकडं विकायला आलीच नाही. इथं मिळते ती एन लाईन, 1.0 टर्बो, 120 पीएस, 172 एनएम, म्हणजे साध्या आय ट्वेंटी टर्बोत होतं तेच इंजिन. तरी हिला मी नुसता मेकअप म्हणणार नाही, कारण सस्पेन्शन कडक केलंय, सायलेन्सरचा आवाज वेगळा आहे आणि चारी चाकांना डिस्क ब्रेक आहेत. चालवायची हौस असेल आणि घरात दोघं-तिघंच असाल तर व्हर्टस जीटी लाईनपेक्षा मी हीच घेईन. पण खराब रस्त्यावर मागं बसणाऱ्याला हादरे बसतात, घरात म्हातारी माणसं असतील तर आधी त्यांना बसवून चक्कर मारा.

बीएमडब्ल्यूचं पण तसंच, एम म्हणजे मोटरस्पोर्ट, कंपनीचा 1972 ला सुरू झालेला शर्यतीचा विभाग, पण एम स्पोर्ट पॅकेज म्हणजे मुख्यतः बंपर, चाकं आणि आतली सजावट.

सेकंडहँडमधी स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस बघत असाल तर जास्त सावध राहा. ऑक्टाव्हिया आपल्या संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या प्लांटमधी जुळायची म्हणून इकडं तिच्यावर जीव आहे, आणि आरएस हे स्कोडाच्या 1970 च्या दशकातल्या रॅली गाड्यांपासून आलेलं नाव (पोर्शे-ऑडीच्या आरएसचा अर्थ मात्र रेनस्पोर्ट, म्हणजे जर्मनमधी शर्यतीचा खेळ). पण तो बिल्ला कुणालाही विकत आणून चिकटवता येतो. डिकीवरचं अक्षर सोडा, आरसीवर सीसी बघा. 2017-18 ची पेट्रोल ऑक्टाव्हिया आरएस असेल तर 1984 पाहिजे, 1798 दिसलं तर ती साधी 1.8 आहे, आणि भाव पण तिचाच द्यायचा.