टोकोट्रायनॉल कॅप्सूल: लेबल चांगलं, माहितीपत्रक दिशाभूल करणारं

ताईला स्तनाच्या कर्करोगानंतर टॅमॉक्सिफेन (इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा परिणाम अडवणारं औषध) सुरू आहे. कुणीतरी तिला टोकोट्रायनॉल या प्रकारच्या ई जीवनसत्त्वाची ही बाटली दिली आणि तिनं मला विचारलं, घेऊ का? मी प्रयोगशाळेत कर्करोगाच्याच पेशी वाढवते, म्हणून बारकाईनं पाहिलं.

लेबल खरंच चांगलं आहे. ई जीवनसत्त्व म्हणजे आठ संयुगं: चार टोकोफेरॉल, चार टोकोट्रायनॉल. बऱ्याच बाटल्यांवर नुसतं ‘व्हिटॅमिन ई’ लिहितात आणि आत अल्फा-टोकोफेरॉल असतं. इथं गॅमा टोकोट्रायनॉल किती, डेल्टा किती, हे वेगवेगळं छापलंय.

राग आला तो आतल्या माहितीपत्रकाचा. त्यात एमसीएफ-७ पेशींचा (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या स्तनकर्करोगाच्या पेशी) आलेख आहे: टोकोट्रायनॉलची मात्रा वाढते तशी पेशींची वाढ घटते. हे खोटं नाही. १९९०च्या दशकापासून अनेक प्रयोगांत ते दिसलंय. इस्ट्रोजेन रिसेप्टर (इस्ट्रोजेन ज्याला चिकटतं ते पेशीतलं प्रथिन) असलेल्या एमसीएफ-७ पेशींची वाढ गॅमा आणि डेल्टा टोकोट्रायनॉल रोखतात, तो नसलेल्या एमडीए-एमबी-२३१ या स्तनकर्करोगाच्याच पेशींची पण रोखतात. अल्फा-टोकोफेरॉलचा मात्र तसा परिणाम होत नाही. पण डिशमध्ये आम्ही संयुग थेट पेशींच्या माध्यमात मिसळतो आणि पेशी त्यातच बुडून राहतात. गिळलेल्या कॅप्सूलचं तसं होत नाही. यकृतातलं एक वाहक प्रथिन अल्फा-टोकोफेरॉलच निवडून रक्तात पाठवतं, आणि टोकोट्रायनॉलचं रक्तातलं प्रमाण काही तासांत उतरतं. गाठीपर्यंत किती पोचतं, यावर पत्रकात एक ओळही नाही.

मलेशियातल्या चाचणीचा तर उल्लेखच नाही! सुरुवातीच्या टप्प्यातल्या स्तनकर्करोगाच्या २४० स्त्रिया, ५ वर्षं टॅमॉक्सिफेन, सोबत टोकोट्रायनॉल किंवा प्लासिबो (औषध नसलेली, तशीच दिसणारी कॅप्सूल). २०१०मध्ये निष्कर्ष आला: जगण्याच्या प्रमाणात संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठोस फरक नाही. अल्फा-टोकोफेरॉलचंही तेच. अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ स्टडी’त जवळपास ४०,००० निरोगी स्त्रिया होत्या, त्यातल्या निम्म्यांनी सरासरी १० वर्षं दिवसाआड ते ६०० युनिट घेतलं, तरी स्तनाचा कर्करोग कमी झाला नाही.

टॅमॉक्सिफेन चालू असताना, किंवा रक्त पातळ करणारं औषध असेल तर, ही कॅप्सूल कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय अजिबात घेऊ नका. ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेनं रक्तस्राव वाढू शकतो, आणि ही सूचना पत्रकात शेवटी, बारीक अक्षरात आहे.

लेबलला चार तारे, माहितीपत्रकाला एक. बनवणाऱ्यांनी तो आलेख काढावा, नाहीतर त्याच्या शेजारी त्या २४० स्त्रियांचा निष्कर्ष तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापावा.